बेंबीवरची बाळी

लग्नाआधी बेळगावात नोकरी करत होते, तेव्हा मैत्रिणींबरोबर गोव्याला गेले असताना मी बेंबीच्या वर टोचून घेतलं. बाळी म्हणायची, खरं तर दोन्ही टोकांना बारीक गोळी असलेली वाकडी दांडी. नवऱ्याला ठाऊक होतं. निपाणीला सासरी बाकी कुणाला कळायचं कारण नव्हतं.

परकराची नाडी नेमकी तिथं घासायची. गेल्या उन्हाळ्यात आंघोळीच्या वेळी पाहिलं, तर दोन्ही भोकं जवळ सरकली होती. मधली कातडी इतकी पातळ झालेली की खालून दांडी चमकत होती. काढायला गेले, गोळी फिरेना. लस वाळून घट्ट बसलेली.

तेवढ्यात दार वाजलं. "काय करतीस गं येवढा येळ?" सासूबाई. त्यांना आम्ही आत्ती म्हणतो.

नवरा कामासाठी हुबळीला होता. फोनवर म्हणाला, "माहेरचं निमित्त काढ आणि बेळगावात डॉक्टरला दाखव." मी माहेरी जाते म्हटल्यावर आत्ती पिशवी घेऊन तयार. "मलाबी विहीणबाईंना भेटून लई दिस झालं."

बसमध्ये मी खिडकीशी आणि आत्ती शेजारी, हलायलाही जागा नाही. गाडी खड्ड्यात आदळली आणि मी कळवळले.

"पोटात दुखतंय?" त्यांनी माझा हात धरला. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "दिवस गेल्यात व्हय?"

"नाही हो आत्ती."

"तुला काय कळतंय!" चेहरा नुसता फुलला होता. बेळगावात उतरल्यावर माहेरी न जाता त्यांनी रिक्षा थेट टिळकवाडीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे वळवली. मला बोलायची सोयच राहिली नाही. तपासणीच्या टेबलावर पडले, तेव्हाही त्या उशाशी उभ्या.

डॉक्टरांनी निऱ्या खाली केल्या आणि थांबल्या. म्हणाल्या, "शरीराला ही नकोय, म्हणून बाहेर ढकलतंय. आज काढली नाही तर कातडी फाटेल."

त्यांनी मिठाच्या कोमट पाण्यात भिजवलेला कापूस धरून ठेवला, लस सुटल्यावर चिमट्याने गोळी फिरवली. मी छताकडे बघत होते. आत्तींनी एकच विचारलं, "म्हंजे पोटात काय न्हाय?"

माहेरी न जाताच आम्ही परतीची बस धरली. संकेश्वर आल्यावर त्यांनी विचारलं,

"त्याला ठावं हाय?"

"हो."

"तुज्या आईला?"

"नाही."

"नगो सांगूस." बस्स, एवढंच. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून माझी आंघोळ झाली की त्या खोलीत येतात, कडी लावतात. "दाव बघू." सुरुवातीला जखम पुसून द्यायच्या, अगदी हलक्या हाताने. जखम कधीच भरली, आता नुसता गुलाबी डाग आहे. तरी कडी लागते. मी पदर बाजूला धरून उभी राहते आणि त्या पाहतात. डागाकडे नाही, पोटाकडे.