लाल-निळा चष्मा

प्रयोगशाळेत पुठ्ठ्याच्या चष्म्यांचं नवं खोकं फोडलं की गोंदाचा वास येतो, आणि मी पुन्हा आष्टीकडच्या आमच्या गावातल्या त्या पत्र्याच्या हॉलमध्ये कोंडली जाते. दुष्काळाचं ते तिसरं वर्ष. सोसायटीनं तळ्याच्या ठरावासाठी सभा बोलावली होती, आणि आजारी आईच्या जागी मी गेले होते. होणारं तळं त्रिमितीत दाखवायचं म्हणून भर दुपारी दारं लावून खिडक्यांवर गोणपाट टाकलेलं, आणि सगळ्यांना पुठ्ठ्याचे लाल-निळे चष्मे वाटलेले. आत श्वास पुरत नव्हता. शेजारी एक म्हातारे सभासद होते, एका डोळ्यानं अधू. त्यांचंच रान तळ्यात जाणार होतं, आणि "आधी बगतो, मग ठरवतो" म्हणून ते आले होते. पडद्यावर चित्र येताच माणसं पाण्याला शिवायला हात पुढं करू लागली. मला नुसत्या लाल-निळ्या रेघा दिसत होत्या. माझा एक डोळा जन्मापासून तिरळा, आणि या चष्म्यातून चित्र उठून दिसायला दोन्ही डोळे जुळून लागतात. "पाणी दिसतंय त्यांनी हात वर करा!" चेअरमन हसत म्हणाले. आमचे दोघांचे सोडून सगळे हात वर गेले. म्हाताऱ्यांनी माझं मनगट धरलं. "पोरी, मला काय बी दिसंना. तुला दिसतंय का?" मागून कुणी ओरडलं, "कोणाचा हात खाली हाय रं?" माना आमच्याकडं वळल्या. "दिसतंय की, बाबा," म्हणत मी हात वर केला. माझ्याकडं बघून त्यांनीही केला. तेच हात मतं म्हणून धरत चेअरमननी ठराव जाहीर केला, "एकमतानं मंजूर!" आता त्रिमितीय पडदे लोकांना कसे दिसतात ते तपासणं हेच माझं काम आहे. मी प्रत्येकाला एकेकटं बसवते, दार उघडं ठेवते आणि चष्मा हातात देण्याआधीच सांगते, "न्हाई दिसलं तर न्हाई म्हणा."