पितळेची म्हणून आणलेली पाटी

देशाच्या तंत्रज्ञानातला एक ऐतिहासिक टप्पा नागपुरात गाठला जात आहे, असं निमंत्रणपत्रिकेवर छापलं होतं. हा टप्पा माझ्या अंगठ्याएवढा होता आणि ग्राहकाच्या तपासणीला दोन तास उरले असताना चालत नव्हता.

त्याचं नाव आयसोलेटर. रडारमधून निघालेली लहर तो पुढे जाऊ देतो आणि उलट येणारी गिळून टाकतो, नाहीतर ती लहर रडारचंच नुकसान करते. आत फेराइट या काळ्या सिरॅमिकची, आगकाडीहून बारीक कांडी असते. भोवतीच्या चुंबकामुळे कांडीतली लहर पंचेचाळीस अंश फिरते. तीन मिलिमीटर लांबीच्या लहरीला चुंबकाचा जोर जरा कमी पडलेलाही चालत नाही.

उलट येणारी लहर शंभरात एक भागाहून कमी सुटायला हवी. दहा सुटत होते. आदल्या दिवशी सगळं ठीक होतं.

ऑर्डर गेली तर असेंब्लीतल्या चौघींचं कॉन्ट्रॅक्ट संपणार होतं. त्यातल्या सुनंदाताई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. तापमान पाहिलं; एसी चालू होता. केबल बदलली. कांडीला तडा गेला असेल, तर नवी बसवायला आठवडा लागणार होता.

"काल मी गेल्यावर याला कोणी हात लावला?"

"मीच लावला, सर. डायरेक्टरसाहेबांच्या नावाची पाटी लावाची होती नं."

"कशाने चिकटवली?"

"गोंद आणला होता, पण लागलाच नाही. जवळ नेली तं आपोआपच चिपकली थे."

पाटी आयसोलेटरच्या डब्यावरच होती. तेवढ्यात डायरेक्टर आले.

"सर, ही पाटी लोखंडाची आहे. चुंबकाचा जोर हीच ओढून घेते आहे."

"पितळेची आहे ती! इतवारी बाजारातून खास करवून आणली."

सुनंदाताईंनी पाटी ओढून काढली आणि टेबलाच्या लोखंडी पायाला लावून पाहिली. खाली पडली.

"पाहा!" डायरेक्टर म्हणाले.

"सर, चुंबक डब्यात आहे, पायात नाही," मी म्हणालो. ताईंनी पाटी पुन्हा डब्याजवळ नेली. टक् करून चिकटली. डायरेक्टर घड्याळाकडे बघू लागले.

पाटी काढून मोजलं. शंभरात अर्धा भाग. ग्राहकाच्या इंजिनिअरने तीनदा मोजलं आणि सही केली. चौघींचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं.

संध्याकाळी ड्रॉइंगमध्ये मी एक सूचना वाढवली: चुंबकाजवळ लोखंड आणू नये. तिला तीन वरिष्ठांची मंजुरी लागली. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात ती आधीपासून आहे.