खालून पाहिलेला डोंगर

...हां, तर तिने बसचा पास बंद केला, तिथपासून लिही. कोण म्हणजे काय, तुझी धाकटी आजी. माझी जाऊ. इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची ती. तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, सहलीच्या बसवर ड्रायव्हर. दोघांनी बँकेचं कर्ज काढून दोन खोल्या घेतल्या, पंधरा वर्षांच्या बोलीने. दार उघडलं की ओटा आणि ओट्याला वळसा घातला की पलंग, एवढंच घर. पण खिडकी मोठी होती. कुणी खिडकीचं कौतुक केलं की ती म्हणायची, चौकट आमची आहे, काच अजून बँकेची आहे.

नवरा दहा वर्षांत निवृत्त होणार, आणि हप्ते पंधरा वर्षांचे. हे गणित तिला झोपू देईना. मग तिने बस सोडली. सकाळी पाऊण तास चालत जायची, संध्याकाळी पाऊण तास चालत यायची. दिवसभर उभं राहून इस्त्री, आणि वर ही पायपीट. वाचलेलं भाडं, सुट्टीच्या दिवशीच्या जादा पाळ्या, दिराला सहलवाले हातावर ठेवायचे ती बक्षिशी, सगळं एका डब्यात. दर तीन महिन्यांनी डबा बँकेत रिकामा.

दिराने एकच अट घातली. तो मुळात कमी बोलणारा, पण त्या दिवशी बोलला.

"तीस वर्षं लोकांना फिरवतोय. लोक विचारतात, काय काय बघितलंत? मी काय बघितलंय? प्रत्येक ठिकाणची बस लावायची जागा बघितलीय."

खरंच होतं ते. त्यांच्या मालकाचा नियमच तसा. प्रवाशांचं सामान बसमध्ये, म्हणून ड्रायव्हरने बस सोडायची नाही. एक डोंगर होता, वर जुना दगडी मनोरा, नऊशे पायऱ्या. त्या डोंगराच्या पायथ्याशी हा दोनशे वेळा तरी बस लावून बसला असेल, पण पहिली पायरी काही चढला नाही. तर अट अशी, की वर्षातून एकदा दोघांनी दोन दिवस कुठेतरी जायचं, कर्ज असो नाहीतर नसो. आणि ज्या वर्षी कर्ज फिटेल त्या वर्षी तो डोंगर, चांगली आठ दिवसांची सहल काढून.

तिने कबूल केलं. आणि खोटं कशाला सांगू, त्या दोन-दोन दिवसांत दोघं मजाही करायची. हा ड्रायव्हरच्या मागची जागा धरायचा आणि वळण आलं की पाय दाबायचा. ती म्हणायची, अहो, पाय आवरा, ब्रेक त्याच्याकडे आहे. चालण्याचंही तसंच झालं. पहिले सहा महिने पोटऱ्यांचे दगड व्हायचे. नंतर मात्र सकाळचा तो पाऊण तास तिचा एकटीचा झाला. कुणी हाक मारत नाही, कुणाचं काही द्यायचं नाही. मला म्हणायची, ताई, दिवसातून मी तेवढीच बसते. मी म्हटलं, अगं, चालतेस ना? तर म्हणाली, डोकं बसतं.

मग दीर निवृत्त झाला आणि घरी येऊन महिना नाही झाला तर त्याचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, नाहीतर लवकरच आखडेल. तेव्हापासून तोही तिच्याबरोबर धुलाईखान्याच्या फाटकापर्यंत जायचा. कोपरा आला की हात बाहेर काढून वळण दाखवायचा. पानवाला हसायचा. ती म्हणायची, हसू दे, धक्का तर लागत नाही कुणाचा.

दहावं वर्ष सरत आलं. तिच्या हिशेबाने कर्ज फिटलं होतं. डोंगराचे पैसे वेगळे काढून ठेवलेले. ठेवणीतली साडी नेसून ती बँकेत गेली, कागद मागायला.

तिथली बाई बराच वेळ संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिली. मग तिने पैसे भरायची चिठ्ठी पुढे केली. त्यात दोन चौकोन असतात. जादा पैसे भरले तर ते पुढच्या हप्त्यांसाठी ठेवायचे की मुद्दलातून कापायचे, ते खूण करून सांगायचं. पहिल्या वेळी तिथल्या शिपायाने हिला चिठ्ठी भरून दिली, वरच्या चौकोनात खूण करून. तिने त्या चिठ्ठीची नक्कल पाकिटात जपून ठेवली आणि दर वेळी तिच्यावरून उतरवलं. धुलाईखान्यात तसंच चालतं ना. कालची चिठ्ठी समोर ठेवायची, आजची भरायची, फक्त चादरींचा आकडा बदलायचा. बावीस वर्षांत त्यात कधी चूक निघाली नव्हती.

तर डब्यातला सगळा पैसा पुढच्या हप्त्यांच्या नावाने नुसता पडून राहिला. मुद्दल आपल्या चालीने चाललं होतं, आणि व्याज आपलं चढत होतं. बाई भली होती. हळू आवाजात म्हणाली, "मावशी, हे पडून असलेले पैसे मुद्दलात वळवले तर कर्ज आजही बंद होईल. एवढे कमी पडतायत."

डोंगरासाठी काढलेले होते, जवळजवळ तेवढेच.

ती बाकावर जाऊन बसली. पहारेकऱ्याने पाणी विचारलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, तासभर गेला.

घरी येऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो गुडघ्याला तेल चोळत होता, चोळतच राहिला. मग म्हणाला, "भरून टाक. डोंगर कुठे पळून जातोय?"

तिला माहीत होतं, डोंगर पळत नाही. पण गुडघाही कुणासाठी थांबत नाही. तीन दिवस ती इकडे की तिकडे करत राहिली. आधी डोंगर केला तर व्याज पुन्हा चढणार, हप्ता निवृत्तीच्या तुटपुंज्या पैशातून जाणार. चौथ्या दिवशी तिने पैसे भरले. घराचे कागद पिवळ्या पाकिटातून हातात आले. मी विचारलं, कसं वाटलं गं? म्हणाली, ताई, झोप आली.

पुन्हा पै पै करून पुढच्या वर्षी गेली दोघं. आठ दिवस नाही, तीनच. एकशे चाळीस पायऱ्यांवर तो कठड्यावर टेकला. उठेना. ती शेजारी बसली. तो म्हणाला, तू जा. ती म्हणाली, मी एकटी जाऊन काय करू? तेव्हा तो चिडला.

"दोघांचं भाडं भरलंय. एकाने तरी वसूल कर."

गेली. दहा वर्षांची चाल पायात, तिला धापसुद्धा लागली नाही. आणि त्याचाच तिला राग आला. ज्याला वर यायचं होतं तो खाली बसलेला, आणि जिला फक्त कर्ज फेडायचं होतं ती वर. वर वारा होता, मनोरा होता, गार दगड होता. तिने चादरीवरचे डाग बघतात तसं सगळं नीट बघून घेतलं, कडेपासून कडेपर्यंत, कारण खाली जाऊन सांगायचं होतं.

सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "वरून बस लावायची जागा दिसते?"

"दिसते. बसा काडेपेट्यांएवढ्या."

"मग इतकी वर्षं मीही दिसत असेन कुणाला तरी," तो म्हणाला, आणि कठडा धरून उतरायला लागला.

त्या चौकोनाबद्दल त्याने तिला आजवर एक शब्द बोलून दाखवला नाही. तेच तिला जड जातं. बोलला असता तर भांडून मोकळी झाली असती, असं म्हणते. आता घर त्यांचं आहे, सकाळी दोघं अजून चालतात, तो पानवाल्यापर्यंत आणि ती पुढे.

एवढं लिहिलंस ना? मग शेवटी हे लिही. वाचणाऱ्यांपैकी कुणी सहलीच्या बसने जाणार असेल, तर पायथ्याशी बसून राहिलेल्या ड्रायव्हरला माझा एवढा निरोप द्या, की सामान आम्ही राखतो, तू वर जाऊन ये. आणि तो येईपर्यंत खरंच थांबा.