गार इंजिन

धुळ्यात आमच्या गल्लीत कुणाला जुनी पिकअप घ्यायची असली की तो शेजारच्या आबांना सोबत नेतो. आबा सकाळीच निघतात. रात्रभर उभी राहिलेली गाडी गार इंजिनावर कशी सुरू होते, ते त्यांना ऐकायचं असतं. मालक तारीफ करत राहतो, आबा नुसतं हूं हूं करतात. मग सदरा काढून, नीट घडी घालून ठेवतात आणि बनियनवर गाडीखाली शिरतात.

मला कापूस वेचणाऱ्या बायांना शेतावर नेण्यासाठी गाडी हवी होती. आबांच्या मेहुण्यांची विकायला होती. नवा रंग, गोड आवाज. मी मनातून घेतलीच होती. आबा गाडीखालून निघाले आणि मेहुण्यांसमोरच मला म्हणाले, "चेसिस तुटेल शे, वरतून जोडेल शे. लेऊ नको, भाऊ." गाडीचा खालचा सांगाडाच तुटलेला होता, वरून जोड देऊन रंगात झाकलेला.

"आबा, घरनी गाडी शे," मेहुणे पुटपुटले.

"घरनी शे. पन मांगे बाया बसतीन."

चहा घेऊन आलेली आबांची बहीण हे ऐकून दारातूनच आत वळली.

पुढे मी दुसरी पिकअप घेतली, तीही आबांनीच पाहून दिली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, बहिणीला माहेरी आणायला म्हणून ते तीच गाडी मागून घेऊन गेले. दुपारी परतले तेव्हा शेजारची सीट रिकामी होती. चावी माझ्या हातात ठेवत आबा एवढंच म्हणाले, "गाडी बेस चालस."