दिवसातून सात वेळा दात घासणारी बाई

आमच्या घरात दातांची निगा माझ्याइतकी कोणी राखत नाही. दिवसातून सहा-सात वेळा मी मंजन लावायचे. मंजन तंबाखूचं होतं, पण डबीवर दातांचं चित्र होतं ना! म्हणून ते व्यसनात धरायचं नाही. नवऱ्याचा तंबाखू-सुपारीचा खर्रा मात्र धरायचा. तो सुटावा म्हणून मी तीन महिने घर डोक्यावर घेतलं. सोडला बिचाऱ्याने. एवढंच म्हणाला, "मी चघळलं तं व्यसन, अन् तू घासलं तं स्वच्छता! वा!" मी हसले, आणि न्हाणीघरात जाऊन दात घासून आले.

गेल्या मे महिन्यात मुलीची बाळंतपणाची रजा संपली. जावई कामासाठी परगावी. म्हणून सहा महिन्यांच्या नातीला सांभाळायला मी अमरावतीहून अकोल्याला गेले. रोज सकाळी मुलगी दारातून म्हणायची, "आई, तू आहेस म्हणून मी निर्धास्त जाते."

नवव्या दिवशी दुपारी डबी संपली. नात दूध पिऊन पाळण्यात झोपलेली. मुलगी सहाला येणार. मी डाळ निवडली, कपड्यांच्या घड्या केल्या, मग रिकामी डबी ओट्यावर आपटून बोटाला काही लागतं का पाहिलं. हिरड्या शिवशिवत होत्या. मुलीचा फोन आला तर उगाच तिच्यावर खेकसले. मग स्वतःला समजावलं, कोपऱ्यावर तर जायचंय. पाच मिनिटं.

अकोल्याच्या मे महिन्यात दुपारी दुकानदारही शटर ओढून झोपतात. कोपरा बंद. इथून परत फिरायला हवं, हे मला तेव्हाही कळत होतं. मी चौकात गेले. तिथेही बंद. आणखी पुढे गेले. मिळालं.

परत आले तर दाराचं लॅच लागलेलं. किल्ली आत, फोन आत. आणि आतून नातीचं रडणं.

खिडकीतून पाळणा दिसत होता. ती पालथी झाली होती, एक हात कठड्याबाहेर. "आले गं माय, आले," मी गजांतून म्हणत होते, आणि येता येत नव्हतं. दुसरी किल्ली शेजारणीकडे असायची. धावत जाऊन बेल दाबली. तिच्या कूलरच्या घरघरीत कोणाला ऐकू जाणार! परत खिडकीशी. रडणं आता थांबून थांबून येत होतं, आणि ते थांबणं जास्त भयंकर होतं. पुन्हा शेजारणीचं दार. बडवत सुटले. एकाच हाताने बडवत होते. एकाच का, म्हणून पाहिलं, तर दुसऱ्या हाताचं बोट माझ्या तोंडात होतं. डबी कधी उघडली, झाकण कुठे पडलं, काही आठवत नाही. नात आत रडत होती आणि मी दात घासत होते.

दार उघडलं. "काहून वो काकू, एवढ्या उन्हात?" किल्ली देता देता शेजारणीने सोय करून दिली, "दूध आनाले गेल्या असान."

"हो," मी काळं तोंड पदराने पुसत म्हणाले.

नात घामाने चिंब झाली होती. मला पाहून गप्प झाली. तिला वाटलं, आपलं माणूस आलं.

संध्याकाळी शेजारणीने मुलीला जिन्यातच सगळं सांगितलं. ती आत येऊन म्हणाली, "दुधाच्या दोन पिशव्या तर घरात होत्या, आई."

"दूध नाही. मंजन."

"तिला एकटी टाकून? किती वेळ?"

पाच मिनिटं, असं ओठांवर आलं होतं. "अर्धा तास," मी म्हणाले.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने बापाला फोन लावला.

सकाळच्या पहिल्या बसने नवरा आला. मूर्तिजापूरपर्यंत उभ्याने आला होता. आता टोमणे ऐकायचे म्हणून मी मान खाली घातली. त्याने इतकंच विचारलं, "डबी कुठी हाय?"

मी दिली.

"अन् दुसरी?"

खर्रा सोडलेल्या माणसालाच हे सुचतं. काल मी एकदम दोन घेतल्या होत्या. बॅगेच्या तळातून दुसरी काढून दिली.

मुलगी निघाली. मी सवयीने हात पुढे केले. तिने नात बापाकडे दिली. "बाबा, तुम्ही आहात म्हणून निर्धास्त जाते."

थोड्या वेळाने त्याने नातीला डायपर उलटं लावलं. मी पाहिलं, आणि काही बोलले नाही.