पातळ दही आणि कोमट लॅपटॉप

माझं माहेर मंचरचं, सासर डिंगोऱ्याला, आणि स्वभाव जन्मापासूनचा संशयी. पिशवीत एक लिंबू कमी निघालं तरी मी आधी भाजीवाल्याला बोल लावते, मग नवऱ्याला. त्यामुळे त्या हिवाळ्यात लॅपटॉप रोज सकाळी कोमट लागायला लागला, तेव्हा माझ्या मनात पहिलं नाव आलं ते आत्यांचं, म्हणजे सासूबाईंचं.

कंपनी पुण्यातली, काम मी घरून करायचे. रेंज फक्त वर माळ्यावर, पत्र्याखाली. सकाळी वीज नसायची आणि गारठा असा की बोटं वळायची नाहीत. बॅटरी निम्मी दिसत असतानाच मीटिंगच्या मधोमध स्क्रीन काळी व्हायची. दुरुस्तीवाला म्हणाला, बॅटरी जुनी आहे, गार पडली की दम सोडते. रात्री पत्र्याखाली ठेवू नका आणि गारठलेला लॅपटॉप लगेच चार्जिंगला लावू नका. जेवताना मी हे सगळं घरात सांगितलं. आता पुन्हा बंद पडलात तर पुण्याला येऊन ऑफिसात बसा, असं मॅडमनी बजावल्याचंही सांगितलं. नवऱ्याचा घास हातातच राहिला. आत्या मात्र एक शब्द बोलल्या नाहीत, आणि तेच मला खटकलं.

त्या दिवसापासून मी लॅपटॉप पूर्ण बंद करून खाली सोप्यातल्या टेबलावर ठेवू लागले. सकाळी बघावं तर टेबल बर्फागत गार आणि लॅपटॉप कोमट! शिवाय बटणांवर पांढुरकी धूळ. कुणीतरी हात लावतंय हे उघड होतं. आत्यांना साधा फोन धड उचलता येत नाही, मग त्या लॅपटॉप कशाला घेतील? बिघडवायलाच, दुसरं काय! दिवसभर डब्याशी काय बोलत बसते, असं त्या शेजारणीला म्हणाल्या होत्या, ते मी विसरले नव्हते. नवऱ्याला सांगितलं तर तो हसत सुटला. मग मी एकटीनंच पाळत ठेवली.

त्यातच दही बिघडलं. आत्यांचं दही म्हणजे सुरीनं कापावं असं, आणि आता रोज ताटात नुसतं पांढरं पाणी. मला मुद्दाम पातळ वाढतात की काय म्हणून मी नवऱ्याच्या वाटीतही डोकावले. तिथंही तेच. याचाही मला रागच आला. या सगळ्यात लॅपटॉप बंद पडायचा थांबलाय, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मग मोठ्या मीटिंगचा दिवस आला. मी उजाडायच्या आत उठले, तर टेबलावर लॅपटॉप नाही. धावत स्वयंपाकघरात गेले. चुलीच्या भिंतीला लागून गव्हाची कोठी आहे. आत्या तिच्यात कोपरापर्यंत हात घालून गोधडीचं एक गाठोडं ओढत होत्या. त्यातून माझा लॅपटॉप निघाला.

"आत्या, काय चाललंय हे?" मी जवळजवळ ओरडलेच.

त्यांनी पदरानं लॅपटॉप पुसला. "गारठ्यानं बंद पडतं म्हनली व्हतीस ना? गव्हात ऊब ऱ्हाती. बंद पडलं की तुला पुन्याला बोलावत्याल."

मी लॅपटॉप हातात घेतला. कोठीपाशी, गार फरशीवर दह्याचं भांडं ठेवलेलं होतं. थंडीत दही लागावं म्हणून आमच्याकडे ते भांडं रात्रभर गव्हात पुरून ठेवतात. ती त्याची जागा होती.

"आणि दही?" मी विचारलं.

"दही काय," आत्या म्हणाल्या, "डेअरीत बी मिळतं."