गोल ट्यूब आणि तबकडीचं दार

गल्लीत तिला सगळे तबकडीताई म्हणतात. निम्मे कौतुकाने, निम्मे टिंगलीने. कोण कशाने म्हणतंय ते तिला आवाजावरून कळतं, आणि केस कापताना ती त्याप्रमाणे गप्पा मारते किंवा मारत नाही. पार्लर लहान आहे: दोन खुर्च्या, एक बेसिन, रस्त्याच्या बाजूला मोठी काच. महिन्यातून एकदा शटर अर्धं ओढून तिथे आकाश मंडळाची बैठक भरते. उडती तबकडी पाहिलेली, किंवा पाहायची आस धरून बसलेली दहाबारा माणसं.

मंडळाची एक रीत आहे. ज्याने काही पाहिलं असेल त्याने केस कापायच्या खुर्चीत बसायचं, आरशावर टॉवेल टाकायचा आणि सगळ्यांकडे पाठ करून सांगायचं. समोर चेहरे दिसले की माणूस त्यांना आवडेल तसं सांगायला लागतो, असं ताईचं म्हणणं. ऐकणाऱ्यांनी एकच विचारायचं: काय पाहिलंत?

भिंतीवर मंडळाचा सर्वांत लाडका फोटो होता. ताईनेच पार्लरच्या काचेतून दिवेलागणीला काढलेला. पाण्याच्या टाकीवर तरंगणारं पांढरं कडं, आणि कड्यावर एक काळसर डाग. त्या डागाला मंडळात ‘दार’ म्हणत. ते आत उघडतं की बाहेर, यावरून दोन सभासदांचं बोलणं बंद झालं होतं.

मंडळाचं पहिलं प्रदर्शन तोंडावर आलेलं असताना पार्लरच्या छतावरची जुनी गोल ट्यूब गेली. इलेक्ट्रिशियनने ती उतरवली, फडक्याने पुसली आणि ताईपुढे धरली.

“हे बघा, इथे जळलीय.”

जळलेल्या जागी काळसर डाग होता. ताईने ट्यूबकडे पाहिलं, मग फोटोकडे. इलेक्ट्रिशियननेही पाहिलं.

“हीच का ती?”

“हीच,” ताई म्हणाली. “फोडू नकोस. इकडे दे.”

काचेत पडलेलं ट्यूबचं प्रतिबिंब बरोब्बर टाकीवर येऊन बसलं होतं. एवढी वर्षं मंडळ त्या दाराखाली बसूनच दाराची चर्चा करत होतं.

“वहिनी, आता तुला ट्यूबताई म्हणावं लागेल,” पार्लरमध्ये हाताखाली असलेली नणंद म्हणाली.

“म्हण की. आधी नवीन ट्यूब घेऊन ये.”

मंडळाचे अध्यक्ष निवृत्त बँक मॅनेजर. वाचनालयाच्या हॉलमधल्या प्रदर्शनाच्या पोस्टरवर त्यांनी हाच फोटो छापला होता. ताईने ट्यूब दाखवल्यावर त्यांनी ती भिंतीवरच्या फोटोशेजारी धरून पाहिली.

“हे आपल्या चौघांनाच माहीत आहे ना?”

“हो.”

“मग झाकली मूठ राहू द्या. या फोटोमुळे लोक आपल्याला ओळखतात.”

“साहेब, मी खरंच एक पाहिलंय, ते तुम्हाला माहीत आहे. उद्या कोणी ही ट्यूब ओळखली, तर तेही हिच्याच खात्यात जमा होईल.”

“त्याचा पुरावा काय? तुमचे मिस्टरसुद्धा मान्य करत नाहीत.”

हे खरं होतं. लग्नानंतर लवकरच, भर दुपारी, नवऱ्याच्या टेम्पोत पुढे बसून ती एका माळावरून जात असताना विजेच्या खांबांच्या वर राखाडी रंगाची, पालथ्या परातीसारखी वस्तू थांबलेली तिने पाहिली होती. आवाज नाही, हालचाल नाही. मग ती आडवी सरकली आणि नाहीशी झाली. याबद्दल कोणीही विचारलं की नवऱ्याचं उत्तर ठरलेलं: मी रस्ता बघत होतो.

“पुरावा नाही,” ताई म्हणाली. “म्हणून तर खोटा पुरावा नको.”

प्रदर्शनात फोटो लागला. त्याच्याखाली तिने ती ट्यूब टांगली आणि जाड अक्षरात चिठ्ठी लावली: ही आमच्या पार्लरची ट्यूब. शेजारी नवऱ्याच्या टेम्पोतून आणलेली पार्लरची खुर्ची. मॅनेजर पोस्टरपासून चार हात लांब उभे राहिले. ताई लोकांकडे पाठ करून बसली आणि तिने माळावरची परात सांगितली, एक शब्द न वाढवता.

“बाई, ही ट्यूब निघाली, तर तो बल्ब असेल,” मागून कोणीतरी म्हणालं. हॉल हसला.

“भर दुपारी माळावर बल्ब कोणी लावला, तेवढं सांगा,” ती न वळता म्हणाली.

“सोबत कोणी होतं का?”

“होतं. त्यांना विचारू नका. ते रस्ता बघत होते.”

ती उठली. दाराशी किल्ल्या खेळवत उभा असलेला नवरा पुढे आला आणि खुर्चीत बसला. टेम्पोवाल्याला पाठ करून बोलायची सवयच असते.

“मी रस्ता बघत होतो,” तो म्हणाला. पुन्हा हशा पिकला. हशा ओसरल्यावर तो पुढे म्हणाला, “रस्ता मोकळा होता. तरी मी गाडी थांबवली.”

मॅनेजरांनी सवयीने विचारलं, “काय पाहिलंत?”

“काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही. लोक हसतील म्हणून गप्प बसलो. पण होतं. ही सांगते तसंच होतं.”

ताईने फक्त त्याच्या हातातल्या किल्ल्या काढून घेतल्या.

“उठा आता,” ती म्हणाली. “मागे माणसं उभी आहेत.”

मागे खरंच एक बाई पर्स छातीशी धरून खुर्ची मोकळी व्हायची वाट पाहत होती.